सायकलीला इंजिन : जुगाडाच्या कौतुकाविरुद्ध

दर दोन-चार महिन्यांनी वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी येते. गावाचे नाव बदलते, मुलाचे नाव बदलते, बातमी तीच. जुनी सायकल, तिच्या फ्रेमच्या तिकोनात बसवलेले फवारणी पंपाचे नाहीतर बंद पडलेल्या मोपेडचे इंजिन, सीटवर पोरगा, मागे छाती पुढे काढून उभे असलेले वडील. मथळ्यात ‘भंगारातून’ हा शब्द असतोच. मजकुरात ‘कोणतेही तांत्रिक शिक्षण नसताना’, ‘एका लिटरमध्ये इतके किलोमीटर’ आणि ‘सर्वत्र कौतुक होत आहे’ ही तीन वाक्ये असतात. इंजिन किती घनसेंटिमीटरचे, चेन किती दातांवरून किती दातांवर गेली, मागचे चाक छत्तीस स्पोकचे की चाळीस, ब्रेक कुठले, यांपैकी एकही गोष्ट नसते. बातमी त्या गाडीबद्दल नसतेच. ती एका चमत्काराबद्दल असते, आणि चमत्काराला दात मोजायचे नसतात.

नाटकावर लिहिणारा संहिता वाचतो, प्रयोग पाहतो, नटाचा आवाज कुठे चिरकला ते सांगतो. यंत्रावर लिहिताना आपण फक्त टाळ्या वाजवतो किंवा नाक मुरडतो. इंजिन बसवलेली जुनी सायकल ही समीक्षेला योग्य अशी कृती आहे असे मी धरून चालतो. तिच्यात निवडी आहेत, परंपरा आहे, चुका आहेत आणि त्या चुकांची किंमत कुणाच्या तरी गुडघ्याने मोजलेली असते. तिची समीक्षा झाली नाही याचे मोठे कारण ‘जुगाड’ हा शब्द. या लेखाचे भांडण त्या शब्दाशी आहे.

आधी गाव समजून घ्यावे लागेल. भुसावळ हे सायकलीचे गाव होते, आणि त्याला भूगोल व नोकरी अशी दोन्ही कारणे आहेत. तापीच्या खोऱ्यातली सपाट जमीन, त्यामुळे चढ नावालाच. रेल्वेचे विभागीय ठाणे, लोको शेड, यार्ड. भुसावळ आणि वरणगावचे आयुध निर्माणी कारखाने. दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र. म्हणजे हजारो माणसे पाळीने कामावर जाणारी, आणि पाळीच्या वेळेला बस नसते. त्यांच्या दांडीच्या सायकली हर्क्युलस, रॅले, अ‍ॅटलस, हिरो या घरच्या. हर्क्युलस मद्रासजवळच्या अंबत्तूरची टीआय, रॅले बंगालातल्या आसनसोलची सेन-रॅले, अ‍ॅटलस हरियाणातल्या सोनिपतची, हिरो लुधियान्याची. सबंध देश या गावाच्या स्टँडवर उभा असे. त्यातल्या अ‍ॅटलसने आपला साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. असा योगायोग कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला भडक म्हटले असते.

सपाट जमीन असूनही इथे सायकल सोपी नाही, कारण ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारच्या पाळीला निघालेल्या माणसाला समोरून येणारी लू म्हणजेच चढ. निरोगी माणूस पायडलवर तासन्‌तास साधारण ७५ वॅट शक्ती देऊ शकतो. त्या उन्हात आणि पन्नाशीनंतर तेवढीही देववत नाही. सायकलीला इंजिन लावण्याची इच्छा इथे हौसेतून कमी आणि शरीराच्या हिशेबातून जास्त येते. आता याच गावात फिटर, टर्नर, वेल्डर ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली आहेत. वाफेच्या काळापासून शेडमध्ये धातू घासलेले, आयटीआय केलेले, अ‍ॅप्रेंटिसशिप केलेले, मायक्रोमीटर हाताळलेले लोक. ज्याने सायकलीच्या मागच्या हबवर प्लेट बसवली तो बहुधा अशा माणसाचा मुलगा, भाचा, नाहीतर त्याच्या हाताखाली दोन वर्षे घासलेला पोरगा असतो. ‘कोणतेही तांत्रिक शिक्षण नसताना’ हे वाक्य छापणारा वार्ताहर त्या गावात एक शतकाहून जुनी असलेली एक सबंध शाळा एका फटक्यात पुसून टाकतो. कौतुकाच्या नावाखाली.

अशीच पुसापुसी जगात मोठ्या प्रमाणावर झालेली आहे आणि तिचे उत्तम उदाहरण जपानचे. सोइचिरो होंडाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते : युद्ध संपलेले, पेट्रोल नाही, गाड्यांत उभे राहायला जागा नाही, १९४६ साली हामामात्सु गावात होंडाने लष्करी बिनतारी संचांच्या जनित्राची उरलेली छोटी इंजिने मिळवली आणि ती सायकलींना लावून विकली. पहिल्या नमुन्याला तेलाची टाकी म्हणून गरम पाण्याची शेकायची बाटली वापरली असे सांगतात. त्याची पत्नी साची हिने ती सायकल गावभर चालवून दाखवली. लोकांनी तिला आवाजावरून नाव दिले ‘बाता-बाता’. आपली फटफटी आणि भटभटी याच कानाने जन्मलेल्या आहेत, हे मला नेहमी सुखावते.

ही गोष्ट भंगारातल्या बुद्धीची म्हणून सांगितली जाते. पण त्याआधी होंडा तोक्योच्या एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात उमेदवारी करून आलेला होता. नंतर त्याने पिस्टन रिंग बनवण्याची कंपनी काढली. त्याच्या सुरुवातीच्या रिंगा नापास झाल्या, तेव्हा धातुशास्त्र शिकायला तो प्रौढ वयात तांत्रिक विद्यालयात जाऊन बसला, आणि पुढे टोयोटाला रिंगा पुरवल्या. पिस्टन रिंग म्हणजे इंजिनातला सर्वांत हट्टी तुकडा. ज्याने ती करून दाखवली त्याच्या दृष्टीने सायकलीला तयार इंजिन लावणे हे डाव्या हाताचे काम होते. म्हणून मिळालेली इंजिने संपल्यावर तो थांबला नाही. १९४७ साली त्याने स्वतःचे इंजिन काढले. आणि १९४९ साली जेव्हा त्याने ‘ड्रीम’ नावाची खरी मोटरसायकल केली, तेव्हा सायकलची फ्रेम टाकून देऊन दाबलेल्या पत्र्याची नवी फ्रेम घेतली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सर्वांत महत्त्वाची घटना हीच, आणि तीच सहसा कुणी सांगत नाही.

कारण सायकलीला इंजिन लावण्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास हा मुळात एकाच प्रश्नाचा इतिहास आहे : इंजिन ठेवायचे कुठे? पॅरिसच्या वेर्नर बंधूंनी १८९७ च्या सुमारास ते पुढच्या चाकाच्या वर, हँडलपाशी ठेवले. गाडी डोक्याने जड झाली, ओल्या रस्त्यावर आडवी पडू लागली. १९०१ साली त्यांनी ते खाली, पायडलच्या अ‍ॅक्सलच्या जागी फ्रेमचाच भाग करून बसवले, आणि मोटरसायकलचा आजचा आकार तिथे ठरला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपला पुन्हा स्वस्त वाहन हवे झाले तेव्हा प्रश्न पुन्हा उघडला. फ्रान्सच्या व्हेलोसोलेक्सने १९४६ साली इंजिन परत पुढच्या चाकावर नेले, पण चेन न लावता टायरवर दाबून फिरणारा रूळ ठेवला. ती १९८८ पर्यंत तिथे तयार होत राहिली. इटलीत त्याच सुमारास ‘कुच्चोलो’ नावाचे ४८ घनसेंटिमीटरचे चार-स्ट्रोक इंजिन पायडलच्या जागेभोवती बसवले गेले. ते पुढे डुकाटीने बनवले, आणि आज लाखोंच्या गाड्या विकणारी ती कंपनी दुचाकीत आली ती सायकलच्या पायडलवरून. इंग्लंडच्या सायकलमास्टरने १९५० साली सबंध इंजिनच मागच्या चाकाच्या पोटात घातले. दुकानात जा, जुने मागचे चाक काढा, हे बसवा, घरी जा. या चार जागांपैकी प्रत्येकीत एक कबुली आहे. रूळ म्हणतो, मी सायकलीला हात लावणार नाही, पण पावसात घसरेन. पायडलचे ठिकाण म्हणते, मी वजन नीट खाली ठेवीन, पण फ्रेम माझ्यासाठी बनलेली हवी.

आपल्याकडे हा प्रश्न अहमदनगरला सुटला, सायकलीच्या बाजूने नव्हे. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना आणली. मूळ आराखडा इटलीतल्या पिआजिओच्या ‘चाओ’चा. लूनाला पायडल होते म्हणून अनेकजण तिला इंजिन लावलेली सायकल समजत. वास्तविक तिच्यात सायकलचे पायडल सोडून काही उरले नव्हते : चाके लहान आणि जाड, फ्रेम पत्र्याची, ब्रेक ड्रमचे. स्वीडिश पत्रकार हाराल्ड नीलसनने १९५२ साली मोटर आणि पेडल जोडून ‘मोपेड’ हा शब्द केला, तो लूनाला चपखल बसतो, कारण त्यात सायकल हा शब्द कुठेच नाही. खानदेशात शिक्षक, पोस्टमन, दूधवाला, नर्सबाई यांनी लूना वापरली आणि सायकलीला इंजिन लावण्याची गरज वीसेक वर्षे मिटली. आज ती पुन्हा उभी राहिली आहे ती जुन्या गाड्या भंगारात गेल्याने, नव्या दुचाकीची किंमत वाढल्याने, आणि केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलपासून इकडे, फवारणी पंप आणि गवत कापायच्या यंत्रांची छोटी इंजिने घरोघर झाल्याने. जोडीला चिनी किट आले. त्याच्यावर ‘८० सीसी’ लिहिलेले असते. मोजले तर साधारण ६६ भरते. खोटे बोलण्याची सुरुवात खोक्यावरूनच होते.

या किटविषयी थोडे थांबून लिहायला हवे, कारण खरे काम इथे होते आणि ते कुणीच छापत नाही. किटमध्ये मागच्या चाकासाठी ४४ दातांचे चक्र येते. ते हबला न लागता स्पोकना लागते : स्पोकच्या आत-बाहेर रबराच्या दोन चकत्या, त्यांतून आरपार नऊ बोल्ट. नऊ का? कारण जगात बहुतेक ठिकाणी मागच्या चाकाला ३६ स्पोक असतात. दर चार स्पोकमागे एक बोल्ट. आपल्या दांडीच्या सायकली जुन्या इंग्रजी रीतीने पुढे ३२ आणि मागे ४० स्पोकच्या. चाळीसला नऊने भाग जात नाही. बोल्ट जिथे पोकळी हवी तिथे स्पोकवर येतो. जो मिस्त्री ते तसेच आवळून देतो त्याच्या गिऱ्हाइकाचे स्पोक महिन्याभरात हबपाशी तुटायला लागतात, चाक डुगडुगते, आणि मग ‘चायनाचा माल’ म्हणून शिवी दिली जाते. चूक चीनची नाही, ती भागाकाराची आहे. जो मिस्त्री जाणता असतो तो एकतर ३६ भोकांचा हब आणि रिम घेऊन चाक नव्याने विणतो, किंवा लेथवर जाड पत्र्याची प्लेट करून ती हबच्या कडेला बोल्टने धरतो आणि चक्र त्या प्लेटवर बसवतो, म्हणजे ओढ स्पोकच्या मधोमध न येता जिथून चाक फिरते तिथेच येते. ही प्लेट पाव इंचाने तिरकी झाली तरी चेन उतरते. ती सरळ करणे, चाकाचा आउट काढणे, चेनची रेघ जुळवणे या तीन गोष्टींत सबंध कला आहे.

पुढचा हिशेब वेगाचा. या किटमध्ये इंजिनाच्या आत साधारण ४.१ पट गती कमी होते. बाहेर १० दातांवरून ४४ वर, म्हणजे ४.४ पट. एकूण अठरा पट. २८ इंची चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. म्हणजे ताशी ४० किलोमीटरला चाक मिनिटाला तीनशे फेरे घेते आणि इंजिन साडेपाच हजारांच्या आसपास. त्याचा जीव तिथे संपतो. ताशी २० ला ते पावणेतीन हजारांवर, म्हणजे आरामात. थोडक्यात ही सायकल सहज चाळीसने पळते, आणि बातमीतला मुलगा ‘चाळीसचा स्पीड’ अभिमानाने सांगतो.

आता ब्रेक. जुन्या दांडीच्या सायकलीला दांड्यांचे ब्रेक असतात. रबरे रिमच्या आतल्या बाजूवर वर ओढली जातात. रिम लोखंडी, वर क्रोमचा मुलामा. कोरड्या दिवशी ठीक; रिम ओली झाली की रबर तिच्यावर साबणासारखे सरकते. ती व्यवस्था ताशी पंधराने जाणाऱ्या माणसासाठी केलेली. सत्तर किलोचा माणूस आणि वीस किलोची सायकल पंधराच्या वेगाला जी ऊर्जा बाळगतात ती सुमारे ७८० ज्यूल. इंजिन, टाकी मिळून दहा किलो वाढवा आणि वेग चाळीस करा : ६,१०० ज्यूलच्या वर. जवळपास आठपट. रबर तेच, रिम तीच, आणि पुढचा चिमटा ज्याने घडवला त्याच्या डोळ्यांसमोर ही आठपट कधी नव्हती. इंजिन बसवणाऱ्याने ब्रेकला हात लावला नसेल तर त्याने अर्धे काम केले आहे, आणि तेही सोपे अर्धे. ही माझी पहिली कसोटी. या कसोटीवर मी आजवर पाहिलेल्या बहुतेक गाड्या नापास होतात. पुढच्या चाकाला मोपेडचा ड्रम बसवून त्याची प्लेट चिमट्याला पट्टीने अडकवलेली एक गाडी जामनेर रोडवर पाहिली होती. तिच्या मालकाला मी इंजिनाबद्दल काहीच विचारले नाही, ब्रेकबद्दलच अर्धा तास बोललो. त्याने ती पट्टी दोनदा मोडल्यावर तिसऱ्यांदा जाड केली होती.

आता पुस्तकांकडे येतो. नवी राजू, जयदीप प्रभू आणि सिमोन आहुजा यांच्या ‘जुगाड इनोव्हेशन’ या २०१२ च्या इंग्रजी पुस्तकाने आपल्या गल्लीतला शब्द जगाच्या व्यवस्थापनशास्त्रात नेला. त्यात सहा तत्त्वे आहेत : अडचणीत संधी शोधा, थोडक्यात जास्त करा, लवचिक राहा, साधे ठेवा, कडेच्या माणसाला सामावून घ्या, मनाचे ऐका. पुस्तक वाचनीय आहे, लेखकांचा हेतू चांगला आहे. पण ही सहाही तत्त्वे वाचून एकही प्लेट सरळ होत नाही. पुस्तकाचा वाचक मोठ्या कंपनीतला अधिकारी आहे. त्याला गरिबाकडून ‘वृत्ती’ घ्यायची आहे. वृत्ती घेता येते, कारण ती फुकट आहे. कौशल्याला मजुरी द्यावी लागते. साधनांच्या अभावाचे रूपांतर सद्गुणात करण्याची ही रीत मला खटकते : ज्याला मिलिंग मशीन मिळाले असते तर तो हमखास वापरणार होता, त्याच्या कानशीला आपण तत्त्वज्ञान म्हणतो.

याच्या उलट ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन याने ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या २००६ च्या पुस्तकात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवरून न लिहिता वापरावरून लिहावा असा आग्रह धरला. दुरुस्ती आणि देखभाल यांना त्याने इतिहासात जागा दिली. बाहेरून आलेले यंत्र गरीब जगात नव्या रूपात रुजते त्याला तो संकरित भाषेवरून ‘क्रिओल’ म्हणतो. हा शब्द मला जुगाडापेक्षा पुष्कळ पुढचा वाटतो, कारण क्रिओल भाषेला व्याकरण असते. डेव्हिड अर्नोल्डचे ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ (२०१३) हे पुस्तक तर थेट आपल्याकडची सायकल, शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र आणि भातगिरणी यांवरच आहे. परदेशी वस्तू भारतीय कशी झाली हे तो दाखवतो. माझी तक्रार एवढीच की दोघांच्याही पुस्तकांत वापरणारा दिसतो, मिस्त्री मागे उभा असतो. नऊ बोल्ट आणि चाळीस स्पोकांचे भांडण कोणत्याही दप्तरात नोंदलेले नसते; ते पाहायला दुकानाच्या ओट्यावर बसावे लागते. हे काम इंग्लंडातून होणार नाही. ते मराठीत व्हायला हवे होते.

आपल्याच जिल्ह्यात त्याचा नमुना आहे. जामनेर तालुक्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचे पुढचे चाक, चिमटा आणि हँडल घेऊन हाताने ढकलायचे कोळपे केले, ‘कृषिराजा’ नावाचे. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्याची दखल घेतली. बैलजोडी परवडत नाही अशा शेतकऱ्याचे ते अवजार. इंजिन लावलेल्या सायकलीच्या उलट दिशेने गेलेली ही रचना आहे : वेग वाढवण्याऐवजी तिने तो कमी केला, आणि सायकलच्या भागांना त्यांच्या ताकदीपेक्षा जास्त काम सांगितले नाही. म्हणून ती टिकली आणि पसरली. समीक्षकाने या दोन कृती शेजारी ठेवल्या तर ‘कल्पकता’ या एकाच पिशवीत त्या कोंबता येणार नाहीत.

एक वाद संग्राहकांचाही आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. तिथे गेलेल्या माणसाला जुन्या रॅले किंवा बीएसएला वेल्डिंग करणे हा गुन्हा वाटू लागतो. मला ते पटते, पण सरसकट नाही. मूळ दिवा, मूळ चेनकव्हर, मूळ सीट असलेली सायकल अखंड ठेवावी. ऐंशीच्या दशकातली, तीनदा रंगवलेली, रिम बदललेली अ‍ॅटलस हा वारसा नव्हे, ती अजून नोकरीत असलेली वस्तू आहे. तिथे माझी कसोटी दुसरी : केलेला बदल परत काढता येतो का? क्लॅम्पने धरलेले इंजिन उद्या उतरवता येते. फ्रेमच्या नळीला भोक पाडले, पितळेने जोडलेल्या सांध्याशेजारी वेल्डिंगचा ताव दिला की नळी तिथे कमकुवत होते आणि परतीचा रस्ता बंद. अशा फ्रेमवर मी स्वतः बसणार नाही, ती कितीही चकचकीत असो.

राहिला कायदा, आणि खरी जोखीम तिथे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येनुसार चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाचे वाहन ‘मोटार वाहन’ ठरतच नाही. १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा ३५ होती. म्हणजे ३४ च्या फवारणी पंपाचे इंजिन १९९३ साली सायकलीवर कायद्याबाहेर होते, म्हणजे मोकळे होते. आज त्याला नोंदणी, विमा, परवाना सगळे लागते. १९५० चे इंग्लंडमधले सायकलमास्टर २५.७ चे होते, आपल्या रेषेच्या पाऊण घनसेंटिमीटर पलीकडे. विजेच्या सायकलीचे माप वेगळेच : मोटर पाव किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ च्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. आणि तोही नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेतलेला हवा. पेट्रोलला आपण सिलिंडरच्या पोटाने मोजतो, विजेला शक्तीने आणि वेगाने. ब्रेकबद्दल विजेच्या नियमात ‘योग्य’ एवढाच शब्द आहे. पेट्रोलच्या पंचवीसच्या आतल्या गाडीला तोही नाही.

एखाद्याने ६६ चे इंजिन लावलेली सायकल रीतसर नोंदवायची ठरवली तर? जळगावच्या परिवहन कार्यालयात एमएच-१९ चे पासिंग मागायला तो गेला, तर त्याला नमुन्याचे प्रमाणपत्र मागतात. ते पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था देतात, उत्पादकाला, हजारो गाड्या काढण्याआधी. एका सायकलीसाठी तो खर्च करणारा माणूस नवी दुचाकी का घेणार नाही? इंग्लंडमध्ये एकट्या घरगुती मोटरसायकलची तपासणी करून तिला रस्त्यावर परवानगी देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे ती वाट नाही. म्हणून ही गाडी एकतर नाही, किंवा चोरून आहे.

चोरून असण्याचा अर्थ दंडापुरता नाही. राजस्थानात पाणी खेचायच्या इंजिनावर चालणाऱ्या, ज्यांना तिकडे जुगाड हेच नाव आहे, अशा गाड्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१३ साली न्यायालयाने ते मोटार वाहनच आहे असे ठरवले. निर्णय बरोबरच होता. पण त्याचा परिणाम असा की नोंदणी नसलेल्या गाडीला विमा नाही, आणि विमा नसलेल्या गाडीने धडक दिली तर नुकसानभरपाई चालवणाऱ्याच्या खिशातून. ज्याच्याकडे नवी दुचाकी घ्यायला पैसे नव्हते त्याच्याच खिशातून. आणि समोरचा, म्हणजे पायी जाणारा, भाजी घेऊन निघालेली म्हातारी, तिला काय मिळणार? जिल्हा पानावरच्या बातमीत ती म्हातारी कधीच नसते. फोटोत तिच्यासाठी जागा ठेवलेली नसते.

हे नव्याने शोधण्यासारखे नाही. महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिका एके काळी साध्या सायकलीवर कर घेत आणि त्याचा बिल्ला देत. तो हँडलखाली किंवा पुढच्या चिमट्यावर ठोकलेला असे. रात्री दिवा नसला तर पोलीस थांबवत, डबलसीटला दंड होई. साध्या वस्तूची नोंद ठेवणारी व्यवस्था आपल्याकडे तालुक्याच्या पातळीवर चालली होती आणि तिला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नव्हती. तशीच तपासणी पन्नास घनसेंटिमीटरच्या आतल्या, ताशी ३० ला बांधलेल्या, एकेकट्या केलेल्या गाडीसाठी करता येईल. मागचे चक्र हबवर आहे की स्पोकवर, फ्रेमला भोक किंवा ताव आहे का, पुढच्या चाकाला ड्रम आहे का, थ्रॉटल सोडल्यावर इंजिन खाली येते का, हे आयटीआयचा कोणताही निदेशक दहा मिनिटांत पाहून सांगेल. बिल्ल्याबरोबर वर्षाचा तृतीय पक्ष विमा. आणि मोजमाप एकच : ताशी २५ वरून ब्रेक मारल्यावर गाडी सहा मीटरमध्ये उभी राहिली पाहिजे. रिमच्या ब्रेकवालीची चाचणी दोनदा घ्यावी, दुसऱ्यांदा रिमवर तांब्याभर पाणी ओतून.